वॉलमन हरिचंद्र आणि सात पॉइंट आठ

बदलापूर पश्चिमेला, बेलवलीच्या टाकीपासून खालच्या चाळींपर्यंत कुणाच्या नळाला किती वाजता पाणी यायचं, ते गेली एकतीस वर्षं हरिचंद्र भोईरच्या हातात होतं. वेळापत्रक ऑफिसातून यायचं. पण रस्त्यातलं झाकण उचलून, लांब लोखंडी चावी खड्ड्यात सोडून वॉल, म्हणजे पाइपावरचा व्हॉल्व्ह, फिरवायचा तो हरिचंद्रच. लोक त्याला वॉलमन म्हणत, बायका पाणीवाले काका म्हणत, आणि पाणी नाही आलं की काय काय म्हणत ते तो मनावर घेत नसे.

त्याचं सगळं खातं डोक्यात होतं. शाळेमागचा वॉल साडेसात वळसे उघडला तर चढावरच्या बिल्डिंगला पाणी पोचतं, आठ केले तर खालच्या आळीत जुना पाइप फुटतो. दोन वॉल तर रस्त्याच्या डांबराखाली गेले होते, ते नेमके कुठे आहेत हे फक्त त्याला ठाऊक. कुठे गळती लागली तर तो लोखंडी सळई रस्त्याला टेकवायचा, वरचं टोक कानाला लावायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. जमिनीखाली पाणी सळसळत असेल तर त्याला ऐकू यायचं. पावसाळ्यात खड्ड्यात धामणी शिरत, त्यांना तो हाताने उचलून शेतात सोडून यायचा. घाबरणं हा त्याचा स्वभाव नव्हता. निदान लोकांना तसं वाटायचं.

जून महिन्यात एका लॅबने फादर्स डेची ऑफर काढली. आईवडील दोघांची मिळून सत्तर-बाहत्तर तपासण्यांची फुल बॉडी चेकअप, घरी येऊन रक्त नेणार. हरिचंद्रचा मुलगा अल्पेश अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. त्याने मोबाइलवर बुकिंग करून टाकलं. हरिचंद्रला ही भेट फारशी पटली नाही. आपल्याला काही होत नाही, मग रक्त कशाला द्यायचं, असं तो म्हणाला. पण सून जिज्ञासा कुळगावच्या शाळेत शिकवते, आणि तिच्यापुढे तो वाद घालत नाही. मंगळवारी सकाळी त्याने दंड पुढे केला, बायको अंजनीनेही केला, आणि दोघं आपापल्या कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अल्पेशच्या मोबाइलवर रिपोर्ट आला. अंजनीचं हिमोग्लोबिन जरा कमी, व्हिटॅमिन डी कमी, बाकी ठीक. हरिचंद्रची शुगर चांगली, किडनी चांगली, कोलेस्टेरॉल काठावर. अल्पेश पानं सरकवत गेला आणि अकराव्या पानावर थांबला. तिथे एक ओळ लाल होती. एचएस-सीआरपी, सात पॉइंट आठ. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, हाय कार्डिओव्हॅस्क्युलर रिस्क.

"म्हणजे काय?" हरिचंद्रने विचारलं.

अल्पेशलाही ते ठाऊक नव्हतं. तो नेटवर वाचत गेला आणि वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. शरीरात कुठे सूज असली की लिव्हर एक प्रोटीन रक्तात सोडतं, ते मोजायची ही तपासणी. एकच्या खाली असेल तर चांगलं, तीनच्या वर गेलं तर हार्टला धोका. बाबांचं आठाला टेकलं होतं. एवढं वाचून त्याने मोबाइल उलटा ठेवला.

सगळ्यांच्या मनात एकच माणूस आला होता. हरिचंद्रचा मोठा भाऊ बाळाराम. नऊ वर्षांपूर्वी पुतणीच्या हळदीला मांडवात पाहुण्यांना सरबत देता देता तो खुर्चीवर बसला. दमला असेल म्हणून कुणी हाक मारली नाही. बँडवाल्यांनी नवीन गाणं धरलं तरी तो उठला नाही, तेव्हा हरिचंद्रनेच जाऊन खांद्यावर हात ठेवला होता. बाळाराम तेव्हा चौपन्न वर्षांचा होता. हरिचंद्रला आता सत्तावन्न चालू होतं. म्हणजे तीन वर्षं आपण फुकटची काढली, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

त्या आठवड्यात घराची रीतच बदलली. अंजनीने सुकटाची बरणी वरच्या फळीवर ठेवून दिली. सून सासऱ्याला जिना चढताना बघत राहायची आणि आपण बघत नाही असं दाखवायची. लॅबमधून एका मुलीचा फोन आला, सर तुमचा रिपोर्ट अॅबनॉर्मल आहे, आमचं मोठं हार्ट पॅकेज घेता का? हरिचंद्रच्या मेहुण्याने कल्याणच्या मोठ्या हॉस्पिटलात नेऊन ताबडतोब अँजिओग्राफी करा म्हणून सांगितलं. शेजारच्या आजीने हळद-मिऱ्याचा काढा आणून दिला. हरिचंद्र काढा प्यायला आणि त्याने मेहुण्याचं ऐकून घेतलं.

ड्यूटीवर मात्र तो जात राहिला. टाकीच्या पायऱ्या बावन्न. पूर्वी त्या कधी मोजल्या नव्हत्या, आता मोजायचा. विसाव्या पायरीला थांबून छातीवर हात ठेवायचा. ठोके पडत होते, पण बरोबर पडतायत की नाही हे कसं ओळखायचं? जमिनीखालचं पाणी त्याला ऐकू यायचं, पण स्वतःच्या छातीतलं काही कळत नव्हतं.

मग त्याने एक गोष्ट केली, जी तो तीन वर्षं टाळत आला होता. पाणीखात्यात यशोधरा जाधव नावाच्या ज्युनिअर इंजिनिअर होत्या. आल्यापासून त्या त्याच्या मागे लागल्या होत्या की काका, तुमच्या भागातल्या सगळ्या वॉलांचा नकाशा मला करून द्या. तो दर वेळी हसून उद्यावर ढकलायचा. खरं सांगायचं तर त्यात थोडा मान होता. त्याच्यावाचून पाणी सुटत नाही, हे त्याला आवडायचं. त्या सोमवारी मात्र तो स्वतःहून त्यांच्या टेबलाशी गेला आणि म्हणाला, मॅडम, कागद काढा.

दोन दिवस तो सांगत होता आणि त्या लिहीत होत्या. एकूण त्रेचाळीस वॉल. कुठला उजवीकडे फिरतो, कुठला डावीकडे, कुठल्याचे किती वळसे. डांबराखालचे दोन दाखवायला तो त्यांना स्कूटीवरून घेऊन गेला. एका जागी रस्त्यावर खडूने गोल काढून होतो न होतो तोच तो दुसरी दाखवायला निघाला.

"काका, एवढी घाई कसली?" त्यांनी विचारलं. "रिटायरमेंटला अजून वेळ आहे ना?"

त्याने खडू खिशात टाकला. मग तिथेच, बंद दुकानाच्या पायरीवर बसून, त्याने लाल ओळीची गोष्ट सांगितली. भावाचीही सांगितली. घरच्यांना जे बोलला नव्हता ते या परक्या मुलीला सांगून टाकलं, की मला झोप लागत नाही, आणि हे सगळं माझ्याबरोबर मातीत जाईल याची भीती वाटते.

यशोधरा मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, की हा रिपोर्ट कुठल्या डॉक्टरने बघितला? कुणीच नाही, हे ऐकून त्यांना नवल वाटलं. त्यांच्या वडिलांची औषधं उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये, लालचक्कीजवळच्या डॉक्टर रेश्मा मोटवानींकडे चालू होती. बाई फटकळ आहेत, त्या म्हणाल्या, पण समजावून सांगतात. त्यांनी तिथल्या तिथे फोन करून नंबर लावला.

शनिवारी अल्पेशने सुट्टी काढली आणि आईबाबांना रिक्षाने घेऊन गेला. दवाखाना लहान, खाली फरसाणाचं दुकान, बाकावर निम्मे लोक सिंधीत बोलत होते. डॉक्टर मोटवानी पन्नाशीच्या आत-बाहेर, चष्मा कपाळावर चढवलेला. अकरा पानं त्यांनी भराभर उलटली, लाल ओळीवर क्षणभर थांबल्या आणि रिपोर्ट बाजूला ठेवून हरिचंद्रकडे बघू लागल्या.

रक्त दिलं त्या दिवशी तब्येत कशी होती, हा त्यांचा पहिला प्रश्न. हरिचंद्रला आठवेना. अंजनीला आठवलं, की त्याच्या तीन-चार दिवस आधी सर्दी-ताप येऊन गेला होता. शिवाय खड्ड्यात उतरताना गुडघा सोलला होता, तो तेव्हा ओलाच होता.

"मग हे रक्त त्या दिवशी द्यायलाच नको होतं," डॉक्टर म्हणाल्या. "सर्दी, ताप, जखम, काहीही झालं की हा आकडा चढतो. दोन हफ्ते थांबून करायची टेस्ट आहे ही. आणि एकदा करून भागत नाही. एका आकड्यावर मी कुणाला घाबरवत नाही."

अल्पेशने नेटवर वाचलेलं सांगायला सुरुवात केली. त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. धोका खोटा आहे असं मी म्हणत नाही, त्या म्हणाल्या. पण हा आकडा एकट्याने काही सांगत नाही. बीपी किती, शुगर किती, कोलेस्टेरॉल किती, माणूस तंबाखू खातो का, घरात कुणाला लहान वयात हार्टचं झालंय का, या सगळ्यांच्या जोडीला तो बसवून बघायचा. मग त्यांनी बाळारामची सगळी हकीकत विचारून घेतली आणि लिहून ठेवली. तंबाखूचं विचारलं तेव्हा हरिचंद्रने खाली बघितलं. चुना-तंबाखू दिवसातून सात-आठ वेळा. तेही लिहिलं गेलं.

"आतमध्ये कुठेतरी बारीक सूज आहे, एवढंच हा आकडा सांगतो," त्या म्हणाल्या. "कुठे आहे, कशाने आहे, ते सांगत नाही. ते आपण शोधायचं."

हरिचंद्र पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकला. "म्हणजे टाकीचा पानी रोजच्यापेक्षा लवकर उतरला, तर लाइनीत गलती हाय येवढा कलतो. कुठं हाय ते चालत जाऊन बघायला लागतं."

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि त्याच्याकडे नीट बघितलं. काय काम करता, असं विचारलं. वॉलमन म्हटल्यावर त्या हसल्या. मग तुम्हाला मला काही शिकवायला नको, म्हणाल्या.

त्यांनी बीपी बघितलं, किंचित जास्त होतं. ईसीजी काढला, तो चांगला आला. पुढच्या आठवड्यात पट्ट्यावर चालवून हार्टची तपासणी केली, तीही व्यवस्थित निघाली. अँजिओग्राफीची आत्ता गरज नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तीन आठवडे थांबायचं, सर्दी-पडसं नसताना पुन्हा फक्त ती एक टेस्ट करायची. तंबाखू आजपासून बंद, बाकी नेहमीसारखं जगा.

त्या रात्री हरिचंद्रला जरा बरी झोप लागली. पण तंबाखू काही सुटली नाही. आठ वेळचं पाचवर आलं, तेवढंच.

तीन आठवड्यांनी आकडा आला पाच पॉइंट सहा. अल्पेश खूश झाला, सातावरून पाचावर आलं म्हणून. हरिचंद्रला मात्र हिशेब कळत होता. तीनच्या वरच होतं अजून. सर्दी गेली, गुडघा भरला, तरी आत काहीतरी होतंच.

डॉक्टर मोटवानींनीही तेच सांगितलं. आता शोधू या, म्हणाल्या, आणि प्रश्न विचारायला लागल्या. सकाळी उठल्यावर सांधे आखडतात का? पोट बिघडतं का? जुना खोकला आहे का? लघवीला जळजळ? पाठीत, बोटांत दुखणं? हरिचंद्र एकेकाला नाही म्हणत होता आणि खरंच सांगत होता. शेवटी त्यांनी टॉर्च उचलला.

"आ करा."

हरिचंद्रने तोंड उघडलं, पण पुरतं नाही. आणखी उघडा, त्या म्हणाल्या. त्याने उघडलं. त्या उजवीकडे वाकून खूप वेळ बघत राहिल्या. मग टॉर्च विझवला.

"हे किती वर्षं असं आहे?"

हरिचंद्रने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. उत्तर अंजनीने दिलं. सहा वर्षं तरी झाली, अल्पेशच्या लग्नापासून. तेव्हापासून ते एका बाजूने जेवतात, भाकरी कालवणात भिजवून खातात, ब्रश केला की बेसिन लाल होतं, आणि उशीच्या अभ्र्यावर डाग असतात ते मी धुते. हे सगळं तिने सरळ आवाजात सांगितलं, तक्रार म्हणून नाही. हरिचंद्रला वाटत होतं की हे कुणाला ठाऊक नाही. त्याची मान खाली गेली.

उजव्या बाजूच्या खालच्या दाढेच्या मुळाशी पू होता. हिरड्या सगळीकडून सुजलेल्या, हाडापासून सुटत चाललेल्या. दुखत कसं नाही, डॉक्टरांनी विचारलं. पूर्वी दुखायचं, आता सवय झाली, असं तो म्हणाला. त्यावर त्यांनी समजावलं, की तोंडात रोज चोवीस तास अशी सूज असली तर रक्तात तिची खूण दिसणारच. हाच एकटा दोषी आहे असं मी छातीठोक सांगत नाही, त्या म्हणाल्या, तंबाखू आहे, पोटही सुटलंय. पण सुरुवात इथून करायची. दाताच्या डॉक्टरकडे जा, या आठवड्यात.

इथे खरी अडचण आली. ज्याने आयुष्यभर धामणी हाताने उचलल्या तो हरिचंद्र दाताच्या डॉक्टरला भीत होता. बावीस वर्षांचा असताना जत्रेत बसलेल्या एका दातवाल्याने त्याची दाढ पकडीने ओढली होती. अर्धी निघाली, अर्धी राहिली. आठ दिवस तोंड सुजून डोळा बंद झाला होता, आणि त्याच आठवड्यात अंजनीला बघायला जायचं ठरलं होतं. गाल बांधून गेला तो. अंजनीच्या आईने विचारलं होतं, की मुलगा मुका आहे का? लोक ही गोष्ट हसून सांगत, तोही हसायचा. पण त्या पकडीचा आवाज त्याच्या कानातून गेला नव्हता. त्या दिवशी त्याने ठरवलं होतं की पुन्हा कुणाला तोंडात हात घालू द्यायचा नाही.

कुळगावला डॉक्टर उन्नती म्हात्रे यांचा दाताचा दवाखाना होता, पहिल्या मजल्यावर. जिज्ञासाने नंबर लावून दिला. पहिल्या वेळी हरिचंद्र जिन्याच्या खाली जाऊन परत आला, लाइन फुटल्याचा फोन आला म्हणाला. दुसऱ्या वेळी वर गेला, आतून मशीनचा आवाज ऐकला आणि खाली उतरला. तिसऱ्या वेळी घरातून निघालाच नाही. अल्पेश चिडला, बाबा लहान मूल आहेत का, असं काहीतरी बोलून गेला. हरिचंद्र उठून पडवीत जाऊन बसला आणि त्याने कमरेची तंबाखूची डबी काढली.

अंजनी मागून आली. ती त्याच्याशेजारी बसली. डबी तिने काढून घेतली नाही, नुसती बघत राहिली.

"भावजीना कोनी सांगितला नव्हता," ती म्हणाली. "तुमाना सांगितलाय."

हरिचंद्रने तंबाखू तळहातावर घेतली होती, ती तशीच राहिली. बाळारामला कुठलीच लाल ओळ आली नव्हती. कुणी त्याला बसवून विचारलं नव्हतं की रक्त कधी दिलं, काय दुखतं, आ कर. मांडवात खुर्चीवर बसण्याआधी त्याला एक दिवसाचीही सूचना मिळाली नव्हती. आणि इथे आपल्याला सूचना मिळाली, डॉक्टर मिळाली, जागासुद्धा सापडली. आता फक्त जिना चढायचा होता. त्याने हात झटकला. "मी एकला जाणार नाय," तो म्हणाला.

"मी येते ना," अंजनी म्हणाली.

डॉक्टर उन्नती वयाने जिज्ञासाएवढ्याच. त्यांनी आधी अख्खी गोष्ट ऐकून घेतली, जत्रेतल्या पकडीसकट, आणि हसल्या नाहीत. एक्स-रे काढून मुळाशी झालेला काळा डाग दाखवला. दाढ वाचण्यासारखी नव्हती. काही दिवस गोळ्या घेतल्या, मग ठरलेल्या दिवशी हरिचंद्र त्या लांब खुर्चीत आडवा झाला. अंजनी पायाशी स्टुलावर बसली. डॉक्टरांनी सांगितलं, की दुखलं तर नुसता डावा हात वर करा, मी त्याच क्षणी थांबेन.

सुई टोचली तेवढी कळली. मग गाल जड झाला, ओठ कुणा दुसऱ्याचा वाटायला लागला. डॉक्टर काहीतरी ठोकून विचारत होत्या, दुखतंय? तो मानेने नाही म्हणत होता. डावा हात त्याने आधीपासूनच अर्धा वर धरून ठेवला होता. कुठेतरी दाबल्यासारखं झालं, काहीतरी हललं. आता सुरू करतील, आता करतील, म्हणून तो डोळे घट्ट मिटून वाट बघत राहिला.

"झालं, काका," डॉक्टर उन्नती म्हणाल्या. "हात खाली करा."

स्टीलच्या ताटलीत दाढ पडली होती. मुळाशी काळपट, एका बाजूने पोखरलेली. हरिचंद्रने ती बराच वेळ बघितली. पस्तीस वर्षं ज्याला घाबरत आलो ते पाच-दहा मिनिटांत होऊन गेलं, आणि हात वर करायची वेळसुद्धा आली नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कापूस तोंडात असल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून अंजनीने डॉक्टरांना सांगितलं, की रडत नाहीत ते, त्यांना बरं वाटतंय.

मग चार वेळा जाऊन हिरड्या साफ करून घ्यायच्या होत्या. त्याला तो एकटाच गेला. ब्रश कसा धरायचा ते सत्तावन्नाव्या वर्षी नव्याने शिकला. तंबाखू सोडणं दाढ काढण्याहून कितीतरी कठीण निघालं. तोंडात घाव होता तोवर डॉक्टरांच्या धाकाने ती बंद राहिली, आणि घाव भरल्यावर हात आपोआप कमरेकडे जायचा. दोनदा त्याने पुन्हा खाल्ली. दोन्ही वेळा त्याने स्वतःच डॉक्टर मोटवानींना फोन करून सांगितलं, आणि दोन्ही वेळा त्या रागावल्या. त्यांनी सुटायला मदत करणारी च्युइंग गमसारखी गोळी लिहून दिली. चिडचिड झाली, पोट बिघडलं, टाकीवरच्या सहकाऱ्याशी कारण नसताना भांडण झालं. दीडएक महिन्यानंतर एक अख्खा दिवस असा गेला की त्याला तंबाखूची आठवणच आली नाही, आणि हे त्याला संध्याकाळी लक्षात आलं.

दरम्यान यशोधरा मॅडमनी त्रेचाळीस वॉलांचा नकाशा काँप्युटरवर काढून घेतला. डांबराखालचे दोन उकरून वर झाकणं बसवली. आता सगळं कागदावर आल्याने आपला मान गेला असं त्याला वाटेल, अशी घरच्यांना भीती होती. तसं काही झालं नाही. उलट जुलैत दोन दिवस तो सुट्टीवर असताना दुसऱ्या माणसाने नकाशा बघून वेळेवर पाणी सोडलं, आणि हरिचंद्रने एकतीस वर्षांत पहिल्यांदा घरी बसून आपल्याच नळाचं पाणी भरलं.

दिवाळीच्या आधी, ऑक्टोबरात, तिसरी टेस्ट केली. या वेळी डॉक्टर मोटवानींनी सांगितल्याप्रमाणे सगळं सांभाळून. सर्दी नाही, जखम नाही, दाताचं शेवटचं काम होऊनही महिना उलटलेला. रिपोर्ट मोबाइलवर न बघता थेट त्यांच्यासमोर उघडायचा, हे हरिचंद्रनेच ठरवलं होतं. अंजनी त्या दिवशी जावेकडे, राजाबाईंकडे गेली होती. राजाबाई म्हणजे बाळारामची बायको; त्यांची लेक बाळंतपणासाठी आली होती, तिथे मदत हवी होती. म्हणून अल्पेश आणि तो असे दोघंच गेले.

डॉक्टरांनी पान उघडलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. एक पॉइंट नऊ. ओळ काळी होती, लाल नव्हती.

अल्पेशने मोठा श्वास सोडला. हरिचंद्र मात्र आकड्याकडे बघत राहिला, जणू तो बदलेल. डॉक्टर म्हणाल्या, की हा मधला पट्टा आहे, एक ते तीन. उत्तम नाही, पण चांगला. दाढेला सगळं श्रेय देऊ नका. तंबाखू सुटली, चार किलो वजन उतरलं, सर्दीचा हिशेबही निघून गेला, सगळ्याचं मिळून झालंय. कोलेस्टेरॉल थोडं उतरलंय, सहा महिन्यांनी पुन्हा बघू, तेव्हा गोळीची गरज वाटली तर सुरू करू. बीपी घरी मोजत जा. भावाचं तसं झालेलं आहे म्हणून वर्षातून एकदा तुम्ही मला तोंड दाखवायचं, आणि ही टेस्ट महिन्या-महिन्याला करत बसायचं नाही.

"म्हणजे मी आता वाचलो?" हरिचंद्रने विचारलं.

"कुणाला शंभर वर्षांची हमी देणारी टेस्ट माझ्याकडे नाही," त्या म्हणाल्या. "पण मला आज तुमच्याबद्दल काळजी वाटत नाही. तुम्हीही करू नका."

हे ऐकून त्याच्या खांद्यांतलं काहीतरी सैल पडलं. किती महिने आपण खांदे वर ओढून चालत होतो, हे त्याला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. तो उठला, डॉक्टरांना दोन वेळा नमस्कार केला, आणि जाता जाता विचारलं की भावाचा मुलगा समीर चाळीशीला आलाय, त्याला घेऊन येऊ का? त्या म्हणाल्या, जरूर आणा, पण सर्दी नसताना.

खाली उतरल्यावर अल्पेश फॅमिली ग्रुपवर आकडा टाकायला निघाला. हरिचंद्रने त्याला थांबवलं, आधी तुझ्या आईला फोन लाव म्हणाला. फरसाणाच्या दुकानाच्या बाजूला उभं राहून त्याने मोबाइल कानाला लावला.

"किती आला?" अंजनीने विचारलं.

"येक पॉइंट नऊ."

पलीकडे बाळ रडत होतं, ते तिने आधी खांद्यावर घेतलं. मग तिने विचारलं, की हे चांगलं का वाईट? आणि हरिचंद्रने तिला सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. एकच्या खाली म्हणजे काय, तीनच्या वर म्हणजे काय, दहाच्या वर गेला तर बहुधा ताजं इन्फेक्शन असतं, एका आकड्यावर घाबरायचं का नसतं, आपला मधल्या पट्ट्यात का आहे आणि तो तिथेच राहावा म्हणून काय काय करायचं. इतका वेळ बोलला की दुकानातला माणूसही शेव तोलता तोलता ऐकत राहिला.

अंजनीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरा झाला," ती म्हणाली. "येताना कोथमीर आना दोन जुड्या. हितं संपली हाय."

हरिचंद्र हो म्हणाला, मोबाइल अल्पेशच्या हातात दिला आणि रस्ता ओलांडून भाजीच्या गाड्यांकडे चालू लागला.